दोन पेनं आणि एक रबरबँड: एका बापाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं आहे. पाळक म्हणून मी त्यात होतो आणि काही ठिकाणी चुकलोही. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडिलांना इथे 'भाऊ' म्हटलं आहे. परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली: "पाळकसाहेब, तुमचं ते फादर्स डेचं प्रवचन गाळू नका." गाळलेलं नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणं मांडलं. पुढे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमची एक. 1970 पासून आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहोत. रविवारच्या उपासनेला शे-सव्वाशे माणसं जमतात. बहुतेक घरांत एक शिक्षक, एक नर्स आणि एक कारखान्यातला माणूस सापडतो. चहूकडे ऊस.

भाऊ साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. दर तासाला रसाचा नमुना घ्यायचा, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ) बघायचा, पोल (त्यातली साखर) काढायचा, वहीत लिहायचं. वीस वर्षांत त्यांची वही कधी कोरी राहिली नाही, असं त्यांचे साहेब सांगतात. पत्नी नर्स, आखातात करारावर. घराचं कर्ज त्या पगारावर फिटत होतं. घरी थोरली मुलगी आठवीत, धाकटा मुलगा चौथीत.

एका एप्रिलमध्ये मुलगा रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठू लागला. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. उन्हाळा आहे, असं सगळ्यांनी म्हटलं. अंगावर खाल्लेलं दिसेना, शर्ट ढगळ झाला, तेव्हा 'उंची वाढतेय' म्हटलं. मे महिन्यात एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोराने चालू लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. तालुक्याच्या दवाखान्यात रक्तातली साखर 480 च्या वर निघाली. टाइप 1 मधुमेह. शरीरात इन्सुलिन बनणंच जवळपास थांबलेलं, रक्तात आम्ल साचलेलं. चार दिवस अतिदक्षता विभागात गेले.

पत्नी धावत आली, पाच आठवडे राहिली. इंजेक्शनं कशी द्यायची हे दोघांनी शिकून घेतलं. प्रत्येक जेवणाआधी लवकर काम करणारं इन्सुलिन, तीन-चार युनिट. रात्री दहाला दिवसभर पुरणारं, 11 युनिट. दोन्ही पेनच्या रूपात, दिसायला बहिणी-बहिणी. भाऊंनी रात्रीच्या पेनला लाल रबरबँड गुंडाळला. एवढी खूण पुरेशी वाटली.

पहिला निर्णय: ती जाईल की राहील

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नीची रजा संपत आली. करार मोडला तर भरपाई द्यावी लागणार होती, आणि आता इन्सुलिन, स्ट्रिपा, सुया यांचा महिन्याचा खर्चही उभा राहिलेला. राहिली तर कर्जाचे हप्ते थकणार. गेली तर भाऊ एकटे.

भाऊ म्हणाले, "तू जा. देव मला बळ देईल."

हे वाक्य मी त्यांच्या ओसरीत बसून ऐकलं. भिंतीवर मंडळीचंच कॅलेंडर होतं, त्या महिन्याचं वचन पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं: 'माझी कृपा तुला पुरेशी आहे.' मी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. आज वाटतं, तेव्हा एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: बळ देईल म्हणजे नेमकं कुणाच्या हातून?

त्याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे होता. मी व्यासपीठावरून भाऊंचं उदाहरण दिलं. एकटा बाप, रात्री तीन-तीनदा उठतो, सकाळी कामावर हजर, तोंडातून तक्रार नाही. देवाच्या बळावर उभा असलेला बाप असा असतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही प्रवचन साधल्यासारखं वाटलं. त्या दिवसानंतर भाऊंना 'मला जमत नाही' म्हणायला मंडळीत जागाच उरली नाही, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

अडचण कशी वाढत गेली

रोजचं वेळापत्रक असं: रात्री दहाला इंजेक्शन, बाराला साखर तपासणी, तीनला तपासणी, पाचला उठून डबे, साडेसातला घर सोडायचं, आठ ते चारची पाळी. पाळ्या फिरत्या असतात, पण साहेबांनी त्यांना कायम आठ-चार दिली होती. रात्री साखर घसरली आणि मुलगा झोपेतच राहिला तर, या भीतीने ते उठायचे. भीती खोटी नव्हती. 70 च्या खाली गेलं की साखरपाणी पाजायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बोट टोचायचं.

दिवसा रसातली साखर, रात्री पोराच्या रक्तातली. दोन्हीसाठी त्यांनी एकाच प्रकारची वही ठेवली होती, आडव्या-उभ्या रेघा मारलेली. ऑगस्टपर्यंतचं अक्षर सुबक आहे. डिसेंबरच्या पानांवर आकडे रेघेबाहेर सांडलेले दिसतात. जानेवारीत दोन रात्री 3.00 च्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा वही कोरी राहिली आणि ती कुणी पाहिली नाही.

मदत करायला लोक तयार होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, एक रात्र आम्ही बघतो. भाऊ म्हणाले, कशाला त्रास, प्रभू आहे. मंडळीतल्या एक निवृत्त सिस्टर, आयुष्य मिशनच्या दवाखान्यात काढलेल्या, त्या दोनदा घरी जाऊन आल्या. त्यांनाही चहा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं. पत्नीला फोनवर रोज 'सगळं ठीक'. गळीत हंगाम सुरू झाल्यावर कारखान्याचा ताण वाढला. त्यातच त्यांनी मुलासाठी दर शुक्रवारी उपास धरला.

मधे एक प्रसंग घडला. बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले आणि इन्सुलिन बंद करा म्हणाले. सुई टोचणं म्हणजे अविश्वास. यावर भाऊ अजिबात डगमगले नाहीत. लॅबचा माणूस, मुलाचं निदान झाल्यापासून मिळेल ते वाचत होते. त्यांनी सांगितलं, 1922 साली टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशी पोरं उपाशी ठेवून चार दिवस जास्त जगवायचे, एवढंच. "हे औषध देवाने उशिरा का होईना दिलंय. मी परत करणार नाही." प्रचारक चहा न घेता गेले.

हा प्रसंग ऐकून आम्ही निर्धास्त झालो. भाऊंची श्रद्धा डोळस आहे, म्हणजे चिंता नाही, असं धरून चाललो. औषधाच्या बाबतीत ती डोळस होतीच. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र ते त्या प्रचारकाचंच ऐकत होते: मदत घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं.

ती रात्र

फेब्रुवारीतला शुक्रवार, म्हणजे उपासाचा दिवस. कारखान्यात बिघाड झाल्याने भाऊ सातला घरी आले. आठला मुलाला जेवणाचं इंजेक्शन, जेवण. दहाला तपासणी, साखर 142. भाऊंनी पेन घेतलं, टक-टक करत 11 पर्यंत फिरवलं, मांडीत टोचलं, दहा आकडे मोजले, सुई काढली. पेन ठेवायला ओट्याकडे वळले तर ओट्यावर रबरबँड पडलेला होता. तुटलेला. शेजारी दुसरं पेन.

हातातलं पेन जेवणाचं होतं.

28 किलोच्या पोराला रात्री झोपायच्या वेळी 11 युनिट लवकर काम करणारं इन्सुलिन गेलं होतं. आठचा डोस अंगात होताच. हे औषध एक-दोन तासांत शिगेला पोचतं आणि चार-एक तास ओढत राहतं.

इथून पुढची वीस मिनिटं या प्रकरणाचा गाभा आहेत. भाऊंनी मला ती तीन वेळा सांगितली, दर वेळी थोडी जास्त. पहिल्या वेळी म्हणाले, लगेच दवाखान्यात गेलो. दुसऱ्या वेळी म्हणाले, आधी प्रार्थना केली. तिसऱ्या वेळी, एप्रिलमध्ये, म्हणाले, "गुडघ्यावर होतो, पण प्रार्थना नव्हती ती. मी हिशेब करत होतो. साखर पाजत राहीन, रात्रभर बसून राहीन, सकाळपर्यंत निभेल. कुणाला कळायचं कारण नाही."

हिशेब लॅबच्या माणसाला सुचावा असाच होता, पण जमणारा नव्हता. डॉक्टरांनी नंतर ढोबळ आकडा सांगितला: एवढ्या इन्सुलिनला तोलायला दोनशे ग्रॅमहून जास्त साखर पोटात जायला हवी, तीही वेळेत. जेवून झोपाळलेलं पोर इतकं पिऊ शकत नाही, ओकतं. घसरलेली साखर झटकन चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात नव्हतं.

निर्णय भाऊंनी घेतला नाही. मुलीने घेतला. ती दारात उभी राहून बघत होती. बाप गुडघ्यावर, पेन जमिनीवर, धाकटा पलंगावर साखरपाण्याचा पेला हातात धरून बसलेला. तिने विचारलं, "बाबा, अण्णांना बोलावू?" उत्तर आलं नाही. ती अनवाणी शेजारी गेली आणि अण्णांचं दार बडवलं. अण्णा आमच्या मंडळीतले नाहीत, वारकरी आहेत. त्यांनी बनियनवर गाडी काढली. काकू मागच्या सीटवर मुलाला मांडीवर घेऊन दर दोन मिनिटांनी चमचा-चमचा साखरपाणी पाजत होत्या.

वाटेत साखर 96. दवाखान्यात पोचल्यावर 61, अंगाला घाम, बोलणं अडखळत. शिरेतून ग्लुकोज लावलं. दर अर्ध्या तासाला तपासणी. पहाटे चारनंतर आकडे स्थिरावले. शनिवारी दुपारी मुलगा घरी आला, त्याला त्या रात्रीतलं अण्णांच्या गाडीचा हॉर्न एवढंच आठवतं.

समोर असलेले पर्याय

मी सकाळी सहाला पोचलो तेव्हा भाऊ व्हरांड्यात बाकावर होते. म्हणाले, "देवाने माझं बळ काढून घेतलं." मी काही बोललो नाही. बोललो असतो तर परत काहीतरी छापील बोललो असतो. बालरोगतज्ज्ञ राउंडला आले. त्यांनी भाऊंना मुलाबद्दल काही विचारायच्या आधी विचारलं, "तुम्ही सलग चार तास शेवटचं कधी झोपलात?" भाऊंना आठवेना. आठ महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

आठवडाभरात आम्ही चार मार्ग तपासले. पत्नीने करार मोडून परत यावं: भाऊंना हेच नको होतं, आणि तिला अजून काही सांगितलंच नव्हतं. मुलाला आजीकडे ठेवावं: आजीचं प्रेम अमाप, पण तिला कमी दिसतं, आणि दवाखाना तासाभरावर. दंडावर चिकटवायचा सेन्सर घ्यावा: साखर खाली गेली की फोन वाजतो, पण एक सेन्सर चौदा दिवस चालतो, म्हणजे महिन्याला दोन, तो खर्च दरमहा पेलणारा नव्हता. मंडळीने एक-दोन महिने दिला असता, पुढे काय? चौथा मार्ग रात्री वाटून घेण्याचा. सर्वांत स्वस्त, आणि भाऊंना सर्वांत जड.

त्यांचं म्हणणं होतं, "बाप मी आहे. मी माझं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकलं तर देवावर टाकलं असं कसं म्हणू?"

उत्तर मी दिलं नाही, सिस्टरांनी दिलं. त्या म्हणाल्या, बायबलमधला निर्गमाचा सतरावा अध्याय काढा. अमालेकाशी लढाई चालू आहे, मोशेचे हात वर आहेत तोवर इस्राएलाची सरशी, हात खाली आले की हार. मोशेचे हात जड झाले तेव्हा काय झालं? देवाने हातांत बळ भरलं असं लिहिलंय का? भाऊंनी वाचलं. तिथे लिहिलंय की त्यांनी एक दगड आणून त्याच्याखाली ठेवला, तो त्यावर बसला, आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले. सूर्य मावळेपर्यंत. सिस्टर म्हणाल्या, "मोशेला बसायला लाज वाटली नाही. तुम्हाला का वाटते?"

मी पस्तीस वर्षांत त्या अध्यायावर निदान दहा वेळा बोललो असेन. दगडावर कधी बोललो नव्हतो.

मग मला कॅलेंडर आठवलं. आम्हीच छापलेलं. पौलाच्या त्या वचनाचा पुढचा भाग अशक्तपणाबद्दल आहे: शक्ती पूर्णतेस येते ती अशक्तपणातच. चौकटीत मावत नव्हता म्हणून गाळला होता.

काय केलं

सुरुवात फसली. मी रविवारी जाहीर केलं आणि अकरा जणींनी नावं दिली. पहिल्या आठवड्यात भाऊंच्या घरी रात्री चार-चार बायका, डबे, लाडू (मधुमेही पोराच्या घरी लाडू!), मोठ्याने प्रार्थना. मुलगा रडकुंडीला आला. सिस्टरांनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि यादी तिघांवर आणली: त्या स्वतः, शेजारच्या काकू आणि कारखान्यातले भाऊंचे एक सहकारी. तिघांना डॉक्टरांकडे नेऊन तपासणी, डोस, साखर घसरल्यावर काय करायचं, हे हाताने करून दाखवायला लावलं. काकू मंडळीच्या नाहीत यावर एका वडीलजनांनी कुरकूर केली. त्या रात्री गाडी कुणाची होती, एवढंच मी विचारलं.

आठवड्यातल्या तीन रात्री भाऊंनी दुसऱ्या खोलीत झोपायचं. दार बंद, गजर बंद. पहिल्या रात्री ते चार वेळा उठून दारापर्यंत आले. चौथ्या वेळी सिस्टरांनी दार न उघडता आतून सांगितलं, "थकलेल्या एलिया संदेष्ट्याला दूताने आधी झोपू दिलं, मग भाकर दिली. उपदेश केला नाही. मीही करत नाही. झोपा."

मुलीला यादीत घ्यायचं नाही, हे मुद्दाम ठरवलं. ती तयार होती, हट्टच करत होती. पण भावाचा जीव एकदा तिच्या अनवाणी पायांवर आला होता, तेवढं तेरा वर्षांच्या पोरीला पुष्कळ झालं.

पेनांची जागा बदलली. जेवणाचं स्वयंपाकघरात राहिलं. रात्रीचं बाहेरच्या खोलीत, पवित्र शास्त्राशेजारी एका पत्र्याच्या डबीत, कारण कुटुंबाची प्रार्थना तिथेच होते. आणि टोचण्याआधी मुलाने स्वतः पेनवरचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचायचा. तो वाचत नाही तोवर सुई लागत नाही.

सर्वांत अवघड काम पत्नीला सांगण्याचं. भाऊ टाळत राहिले. पाचव्या दिवशी मुलीच्या तोंडून निघून गेलं. त्या रात्रीच्या फोनवर काय झालं ते भाऊ सांगत नाहीत. पत्नीने मला एवढंच सांगितलं: "मी नर्स आहे. दुसऱ्यांची लेकरं मी रात्रभर सांभाळते. माझंच मला कळू दिलं नाही." राग निवळायला तीन आठवडे लागले. मग तिनेच मार्ग काढला. तिला रात्रपाळी असायची आणि तिथली वेळ आपल्या मागे. आपले पहाटेचे तीन वाजायचे तेव्हा ती जागीच. मग भाऊंच्या चार रात्री तीनचा गजर म्हणजे तिचा फोन. आकडा तिला सांगायचा, वहीत तोच लिहायचा.

परिणाम

मेमधल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा 9.6 वरून 8.3 वर आला. डॉक्टरांना 7 च्या आसपास हवा आहे, अजून अंतर आहे. भाऊंचं वजन वाढलं. शुक्रवारचा उपास त्यांनी सोडला. स्वतःहून, मी सांगितलं नाही.

व्यवस्था मात्र टिकाऊ निघाली नाही. जूनमध्ये सिस्टर मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिघांचे दोघे झाले. नवा माणूस तयार व्हायला दोन महिने गेले, त्या काळात भाऊ परत आठवड्यातून पाच रात्री जागत होते. मंडळीसमोर उभं राहून आपला अनुभव सांगण्याची, म्हणजे साक्ष देण्याची, विनंती त्यांनी दोनदा नाकारली.

वेगळं काय करता आलं असतं

दवाखान्यातून पहिल्यांदा सोडतानाच आम्ही विचारायला हवं होतं: आई परत गेल्यावर घरात इंजेक्शन देता येणारा दुसरा मोठा माणूस कोण? दोघांना शिकवलं होतं, पण त्यांतली एक परदेशी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

उपासनेनंतर दारात हात मिळवताना मी दर रविवारी विचारत होतो, "भाऊ, कसं काय?" या प्रश्नाला 'प्रभूची कृपा' सोडून दुसरं उत्तर नसतं. आता मी विचारतो, काल किती वाजता झोपलात, आज कोण बघतंय.

आणि प्रवचन. एखाद्या माणसाला जिवंतपणी दृष्टान्त करून ठेवलं की त्याला थकायची चोरी होते. आपण 'देवबाप' म्हणून प्रार्थना करतो, आणि कवी ना. वा. टिळकांपासून आपली मराठी ख्रिस्ती भजनं प्रभूला माउलीही म्हणत आली आहेत. तरी बापाबद्दल बोलायची वेळ आली की मला खांबच आठवला. पुढच्या फादर्स डेला मी निर्गमातल्या त्या दगडावर बोललो, भाऊंचं नाव न घेता. ते तिसऱ्या रांगेत होते. दहाव्या मिनिटाला त्यांना झोप लागली. मुलगी उठवायला गेली तेव्हा मी व्यासपीठावरूनच हाताने खूण केली, राहू दे.

पत्नी डिसेंबरात नाताळाला आली. पहिल्या रात्री तिने सवयीने पेन उचललं, सुई लावली, 11 वर फिरवलं. मुलाने मांडी मागे ओढली.

"आई, थांब. मी वाचलं नाही अजून."